छात्रालयातले साने सर

कोकणातल्या पालगडचे पांडुरंग सदाशिव साने १९२४ साली अमळनेरच्या शाळेत, आजच्या प्रताप हायस्कूलमध्ये, शिक्षक झाले. गावात शिक्षणाला प्रताप शेठजींच्या दानाचा मोठा आधार होता. पण छात्रालयातल्या पोरांचे रोजचे कोण बघणार? ते सानेसरांनी अंगावर घेतले. मुले वर्गात गेली की खोल्या झाडायच्या, अंथरुणांच्या घड्या घालायच्या, कंदील पुसून ठेवायचे. गरिबाच्या पोराला स्वतःच्या पगारातून मदत. (आपल्या मेळाव्याच्या निधीतून आधी कमान की आधी फी, हे ठरवताना एवढे आठवावे.) मुलांसाठी ‘छात्रालय’ दैनिक ते हाताने लिहून काढत. १९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत; ती अठरा प्रवचने सानेसरांनीच उतरवून घेतली.