जॉन स्टुअर्ट मिल : स्वातंत्र्याचा भाष्यकार

सत्तेचा अंकुश दूर झाला की माणूस स्वतंत्र होतो, असे मानणाऱ्या परंपरेत जॉन स्टुअर्ट मिल यांची जडणघडण झाली. २० मे १८०६ रोजी लंडनमध्ये जन्मलेल्या मिल यांना वडिलांनी शाळेत न पाठवता घरीच शिकवले. तिसऱ्या वर्षी ग्रीक, आठव्या वर्षी लॅटिन असा तो कठोर अभ्यासक्रम होता. वडील जेम्स मिल हे जेरेमी बेंथम यांचे सहकारी. स्वातंत्र्य म्हणजे बंधनाचा अभाव, ही बेंथम यांची व्याख्या मिल यांना वारशातच लाभली. मात्र विसाव्या वर्षी त्यांना तीव्र नैराश्याने ग्रासले. वर्डस्वर्थ यांच्या कवितेने त्यांना सावरले आणि भावनेविना बुद्धी पांगळी असल्याची जाणीव दिली.

या जाणिवेचे परिपक्व रूप १८५९ च्या ‘ऑन लिबर्टी’ या ग्रंथात दिसते. कायद्याइतकाच लोकमताचाही जुलूम असतो, हे मिल यांनी ठामपणे मांडले. इतरांना होणारी हानी रोखण्यापुरताच समाजाला व्यक्तीवर बळजबरी करण्याचा अधिकार त्यांनी मान्य केला. परंतु केवळ हस्तक्षेप नसणे त्यांना पुरेसे वाटत नव्हते. आपले आयुष्य स्वतः निवडून फुलवणे हा त्यांच्या स्वातंत्र्याचा गाभा होता. आयझाया बर्लिन यांनी १९५८ मध्ये ऑक्सफर्ड येथील व्याख्यानात नकारात्मक आणि सकारात्मक स्वातंत्र्य असा भेद केला. मिल यांची गणना सहसा पहिल्या पक्षात होते. त्यांचा व्यक्तिविकासाचा आग्रह मात्र दुसऱ्याकडे झुकतो.

हा विचार त्यांनी आचरणातही आणला. १८५१ मध्ये हॅरिएट टेलर यांच्याशी विवाह करताना पतीला कायद्याने मिळणाऱ्या अधिकारांचा त्यांनी लेखी निषेध केला. खासदार असताना १८६७ मध्ये त्यांनी स्त्रियांच्या मताधिकारासाठी दुरुस्ती मांडली. ती १९६ विरुद्ध ७३ मतांनी फेटाळली गेली.

याच मिल यांनी १८२३ ते १८५८ अशी ३५ वर्षे ईस्ट इंडिया कंपनीत नोकरी केली. ज्या समाजांना ते अप्रगत समजत, त्यांना त्यांनी आपल्या सिद्धांतातून वगळले. सुधारणा साधणार असेल तर तेथे एकतंत्री राज्यही त्यांना समर्थनीय वाटे. त्यांच्या उदारमतवादातील ही सर्वांत मोठी विसंगती होय.

१८७३ च्या मे महिन्यात फ्रान्समधील अ‍ॅव्हिन्यॉन येथे त्यांचे निधन झाले. पुढे मिल आणि स्पेन्सर यांच्या विचारांचे संस्कार झालेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ सुरू करून रूढींच्या जुलमाविरुद्ध लेखणी उचलली. मिल यांनी ज्यांना स्वातंत्र्याच्या कक्षेबाहेर ठेवले होते, त्यांनीच त्यांचा युक्तिवाद आपलासा केला.