डॉ. हॅल्स्टेड : शल्यगुरूची झाकलेली व्यथा

रुग्णालयातच राहून वर्षानुवर्षे शस्त्रक्रियेचे धडे गिरवणारा ‘निवासी डॉक्टर’ आपल्या परिचयाचा आहे. ही पद्धत अमेरिकेत रुजवली ती डॉ. विल्यम स्टुअर्ट हॅल्स्टेड यांनी. शिष्यांना कठोर शिस्त लावणाऱ्या या गुरूचे स्वतःचे आयुष्य मात्र व्यसनाशी झगडण्यात गेले.

त्यांचा जन्म २३ सप्टेंबर १८५२ रोजी न्यूयॉर्कमधील सधन घराण्यात झाला. १८७७ मध्ये वैद्यकीय पदवी घेऊन ते युरोपात गेले. तेथील शिस्तबद्ध प्रशिक्षणाचा त्यांच्यावर खोल ठसा उमटला. मायदेशी परतल्यावर धाडसी शल्यचिकित्सक म्हणून त्यांचा लौकिक झाला. कोकेनने डोळा बधिर करता येतो, हे १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी दाखवले. हॅल्स्टेड आणि सहकाऱ्यांनी तोच धागा पकडून स्वतःच्या शरीरावर प्रयोग केले आणि मज्जातंतू बधिर करण्याची पद्धत सिद्ध केली. रुग्णांना तिचा लाभ झाला, पण प्रयोग करणारे व्यसनात अडकले. उपचारांत मॉर्फिन आले आणि तेही सुटेना.

मित्र डॉ. विल्यम वेल्च यांनी १८८६ मध्ये त्यांना बाल्टिमोरला आणून नवे आयुष्य दिले. १८८९ मध्ये सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात त्यांची प्रतिभा बहरली. जंतुनाशक द्रवाने परिचारिका कॅरोलाइन हॅम्प्टन यांचे हात सोलवटत, म्हणून त्यांनी पातळ रबरी हातमोजे बनवून घेतले. १८९० मध्ये दोघे विवाहबद्ध झाले. हातमोजे पुढे जगभरच्या शल्यगृहांत पोहोचले.

हॉपकिन्समध्ये त्यांनी प्रशिक्षणाची उतरंड उभारली. शिष्याने रुग्णालयातच राहायचे. तो कधी तयार झाला, हे गुरूने ठरवायचे. हार्वे कुशिंग यांच्यासारखे मेंदूशल्यचिकित्सक याच मुशीतून घडले. त्याबरोबर गुरूचा शब्द अंतिम मानण्याची परंपराही रुजली. स्तनाच्या कर्करोगात स्तनासह छातीचे स्नायू आणि काखेतील गाठी काढण्याची त्यांची १८९४ मधील शस्त्रक्रिया अनेक दशके प्रमाण मानली गेली. १९७१ पासून बर्नार्ड फिशर यांनी शास्त्रशुद्ध चाचण्या घेतल्या, तेव्हा कमी काटछाटीनेही रुग्ण तितकेच जगतात, हे सिद्ध झाले.

प्रशिक्षणाच्या पद्धतीचीही अशीच तपासणी झाली. अमेरिकेत २००३ मध्ये निवासी डॉक्टरांच्या कामाला आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेथील ७,४०९ शल्यप्रशिक्षणार्थींच्या पाहणीत ३८.५ टक्के जणांनी आठवड्यातून किमान एकदा कमालीची मानसिक थकावट जाणवत असल्याचे सांगितले. अपमान, भेदभाव आणि छळ सोसणाऱ्यांत हे प्रमाण अधिक होते. प्रश्न केवळ तासांचा नव्हता, वागणुकीचाही होता.

हॅल्स्टेड यांचे निधन ७ सप्टेंबर १९२२ रोजी पित्तमार्गावरील शस्त्रक्रियेनंतर झाले. शस्त्रक्रिया त्यांच्याच शिष्यांनी केली होती. बाल्टिमोरमध्येही मॉर्फिनने त्यांची पाठ सोडली नव्हती, हे सहकारी डॉ. विल्यम ऑस्लर यांनी मोहोरबंद ठेवलेल्या टिपणातून १९६९ मध्ये उघड झाले. एका मित्राने वेळीच हात दिला म्हणून हा शल्यगुरू घडला. त्यांनी घालून दिलेल्या शिस्तीत अशा हाताला मात्र ठरलेली जागा नव्हती. आज रात्रपाळीत उभ्या असलेल्या तरुण डॉक्टरला ती जागा मिळवून देणे, हे त्यांच्या वारसदारांचे राहिलेले काम आहे.