कमलाबाई सोहोनी

नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या कुशीत, धडगाव हे गाव आहे. उन्हाळ्यात तेथील अंगणांतून कैरीच्या फोडी वाळत पडलेल्या दिसतात. त्यांचा आमचूर होतो. ताज्या कैरीत क जीवनसत्त्व पुष्कळ असते; परंतु ऊन व वारा लागताच त्यातील बरेचसे नाहीसे होते. अन्नातील सत्त्वांचा शोध घ्यावा आणि ती गरिबांच्या मुखी पडावीत, यासाठी ज्यांनी आपली विद्या वेचली, त्या कमलाबाई सोहोनी यांची ही जीवनकथा आहे.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूर येथे भागवत घराण्यात झाला. त्यांचे वडील व चुलते दोघेही रसायनशास्त्राचे जाणकार होते. प्रसिद्ध लेखिका दुर्गाबाई भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत कमलाबाई पहिल्या आल्या. पुढील संशोधनासाठी त्यांनी बंगलोरच्या विज्ञानसंस्थेकडे अर्ज केला. संस्थेचे संचालक होते जगद्विख्यात शास्त्रज्ञ सर चंद्रशेखर व्यंकट रामन. अर्जदार मुलगी आहे, एवढ्याच कारणावरून त्यांनी तो नाकारला.

कमलाबाई खचल्या नाहीत. त्या थेट बंगलोरला गेल्या आणि आपल्या हक्कासाठी सत्याग्रहाचा निश्चय त्यांनी बोलून दाखविला. अखेर एक वर्ष परीक्षा पाहण्याच्या अटीवर त्यांना प्रवेश मिळाला. ती अट अपमानाची होती. परंतु त्यांनी ती कामाने धुऊन काढली. वर्ष संपले तेव्हा रामन यांचे समाधान झाले होते आणि संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले होते.

पुढे त्या इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे गेल्या. जीवनसत्त्वांवरील कार्यासाठी नोबेल पारितोषिक मिळविणारे सर फ्रेडरिक हॉपकिन्स तेथे होते. बटाट्यावर प्रयोग करताना कमलाबाईंना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी हे द्रव्य आढळले. त्यातील लोहाचा अणू इलेक्ट्रॉन नावाचा सूक्ष्म विद्युत्कण घेतो आणि पुढे देतो. या देवघेवीवरच सजीवांचा श्वासोच्छ्वास चालतो. १९३९ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली व त्या मायदेशी परतल्या.

क जीवनसत्त्वाचे सामर्थ्यही अशाच देवघेवीत आहे. त्याचा एक रेणू दोन इलेक्ट्रॉन देऊन टाकतो आणि त्याचे रूप बदलते. हे नवे रूप आपले शरीर पुन्हा पहिल्या रूपात आणू शकते. मात्र अन्न फार वेळ उघडे राहिले वा तापले, तर ते रूपही मोडून जाते. मग ते सत्त्व कायमचे गमावते. अन्नातील लोहालाही क जीवनसत्त्व इलेक्ट्रॉन देते. त्यामुळे ते लोह आतड्यांत सहज शोषले जाते आणि रक्ताला बळ मिळते.

मुंबईच्या विज्ञानसंस्थेत अध्यापन करीत असताना राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. नीरा म्हणजे ताडाचा ताजा गोड रस. तो आंबला की त्याची ताडी होते. या साध्या रसात अ व क ही जीवनसत्त्वे आणि लोह असल्याचे त्यांना आढळले. आदिवासी भागांतील अशक्त मुलांना व गर्भवती स्त्रियांना नीरा दिली असता त्यांची प्रकृती सुधारल्याचेही दिसून आले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

पुढे त्या मुंबईच्या त्याच संस्थेच्या संचालिका झाल्या. निवृत्तीनंतरही अन्नातील भेसळ कशी ओळखावी, हे त्या गृहिणींना शिकवीत राहिल्या. १९९८ साली त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला. तेथील पाड्यापाड्यांतून कुपोषणाशी झुंज आजही चालू आहे. जे दार आपल्यासाठी बंद होते, ते कमलाबाईंनी उघडले. आणि आत मिळविलेले ज्ञान उपाशी मुलांच्या ओठांपर्यंत नेले. त्यांचे उरलेले काम पुरे करणे, हेच त्यांचे खरे स्मरण होय.