देश नसलेल्यांचा उच्चायुक्त

परमुलखातून जीव घेऊन पळालेला माणूस दाराशी येऊन उभा राहिला की यजमान देशात दोन सूर हमखास उमटतात. एक दयेचा आणि दुसरा भयाचा. दया म्हणते, आधी याला आत घ्या, बाकीचे मागाहून पाहू. भय म्हणते, हा कोण, कोठला, कशासाठी आला हे कळेपर्यंत दार उघडू नका. दोहोंतही काही तथ्य असते आणि दोन्ही सारखेच अपुरे असतात. शिवाय दया लवकर थकते, भय सहसा थकत नाही. म्हणूनच आश्रयार्थींचा प्रश्न केवळ लोकभावनेवर सोडला, तर आज ना उद्या त्याचा निकाल भयाच्या बाजूने लागतो. विसाव्या शतकाच्या प्रारंभी ही गोष्ट ज्याने नेमकी ओळखली आणि या दोन सुरांच्या मधोमध कायद्याची एक साधी व्यवस्था उभी केली, तो गृहस्थ कायदेपंडित नव्हता. ध्रुवप्रदेशाचा संशोधक म्हणून जग त्याला ओळखत होते. फ्रित्यॉफ नान्सेन हे त्याचे नाव.

बर्फावरचे शिक्षण

नान्सेनचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ रोजी नॉर्वेच्या राजधानीजवळ झाला. आजच्या ऑस्लोला तेव्हा ख्रिस्तियानिया म्हणत. वडील वकील होते. मुलाचा ओढा मात्र रानावनाकडे आणि बर्फावरच्या भटकंतीकडे. प्राणिशास्त्राचा अभ्यास करीत असतानाच १८८२ मध्ये सीलची शिकार करणाऱ्या एका जहाजातून तो आर्क्टिक समुद्रात जाऊन आला, आणि त्याच वर्षी बर्गेनच्या संग्रहालयात रुजू झाला. मज्जासंस्थेवरील प्रबंधाबद्दल १८८८ मध्ये त्याला डॉक्टरेट मिळाली. लागलीच तो पाच साथीदारांसह ग्रीनलंड ओलांडावयास निघाला. वस्ती होती ती पश्चिम किनाऱ्यावर. पूर्व किनारा जवळजवळ ओसाड. नान्सेनने मुद्दाम पूर्वेकडून सुरुवात केली. मागे परतण्याजोगे काही ठेवलेच नाही, की पुढे जाण्यावाचून गत्यंतर उरत नाही, हा त्यामागचा हिशेब. सहाही जण बर्फाचे पठार ओलांडून सुखरूप पलीकडे पोहोचले.

दुसरी मोहीम याहून धाडसाची. सायबेरियाच्या उत्तरेस १८८१ मध्ये बुडालेल्या एका अमेरिकन जहाजाचे अवशेष तीन वर्षांनी ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर सापडले होते. त्यावरून नान्सेनने अनुमान बांधले, की ध्रुवसागरातला बर्फ स्थिर नाही, तो पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो आहे. मग बर्फाशी झुंज घेण्याऐवजी त्याच्याबरोबरच वाहत का जाऊ नये? कॉलिन आर्चर या जहाजबांधणी तज्ज्ञाकडून त्याने गोलसर तळाचे ‘फ्राम’ हे जहाज बांधून घेतले. बर्फाचा दाब वाढला की ते चिरडले न जाता वर उचलले जाई. १८९३ मध्ये तेरा माणसांनिशी ते निघाले आणि ठरल्याप्रमाणे बर्फात अडकून वाहू लागले. मार्च १८९५ मध्ये नान्सेनने यालमार योहान्सेन या एकाच सोबत्यासह जहाज सोडले आणि कुत्र्यांच्या गाड्या घेऊन तो ८६ अंश १४ कलांपर्यंत गेला. तोवर इतक्या उत्तरेस कोणी मनुष्य पोहोचला नव्हता. परतीच्या वाटेवर दगडांच्या खोपटात, अस्वलाचे मांस खाऊन दोघांनी एक अख्खा ध्रुवीय हिवाळा काढला. १८९६ मध्ये तेराही जण जिवंत मायदेशी परतले.

या मोहिमांनी नान्सेनला कीर्ती दिली, आणि त्याहून मोलाची एक दृष्टीही दिली. निसर्गातला असो वा समाजातला असो, मोठा प्रवाह अडवता येत नसेल, तर त्याची दिशा समजून घ्यावी आणि तो झेलू शकेल असे साधन बांधावे, हा धडा त्याला पुढे वेगळ्याच क्षेत्रात उपयोगी पडावयाचा होता.

राष्ट्र घडविण्यातही त्याचा हात लागला. १९०५ मध्ये नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला, त्या चळवळीत नान्सेन अग्रभागी होता. नव्या राष्ट्राचा लंडनमधील राजदूत म्हणून त्याने १९०६ ते १९०८ या काळात काम केले. तेव्हा आश्रयार्थींची कणव येणारा माणूस देशाभिमानात उणा असतो, हा नेहमीचा आक्षेप निदान त्याच्याबाबतीत टिकत नाही. स्वतःचे राष्ट्र असणे म्हणजे काय, हे पुरते ठाऊक असल्यामुळेच ते नसणे म्हणजे काय हे त्याला उमगले.

एका कागदाची किंमत

पहिले महायुद्ध संपले तरी लाखो युद्धकैदी रशियात, सायबेरियात आणि मध्य युरोपात अडकून पडले होते. १९२० मध्ये राष्ट्रसंघाने त्यांना घरी पोहोचविण्याचे काम नान्सेनवर सोपविले. सोव्हिएत सरकार राष्ट्रसंघाला मानावयास तयार नव्हते. नान्सेनच्या शब्दावर मात्र त्याचा विश्वास बसला. बाल्टिक समुद्रातून, श्टेट्टिनसारख्या बंदरांच्या मार्गे जहाजे ये-जा करू लागली आणि दोन वर्षांच्या आत सुमारे सव्वाचार लाख माणसे आपापल्या घरी गेली.

युद्धकैद्याला निदान परतावयास घर होते. रशियन राज्यक्रांती आणि यादवी युद्ध यांतून बाहेर फेकल्या गेलेल्यांना तेही नव्हते. ही संख्या दहा लाखांच्या पुढे गेली होती. कॉन्स्टँटिनोपल, सोफिया, बेलग्रेड, बर्लिन, पॅरिस अशा शहरांत सरदार आणि शेतकरी, प्राध्यापक आणि शिपाई एकाच रांगेत उभे होते. डिसेंबर १९२१ च्या हुकमाने सोव्हिएत सरकारने यांतील बहुतेकांचे नागरिकत्व काढून घेतले. एका सहीसरशी माणसे देशहीन झाली.

देशहीन होणे म्हणजे काय, हे कचेरीत काम करणाऱ्याला चटकन समजेल. ओळखीचा कागद नाही म्हणून काम नाही. काम नाही म्हणून भाड्याची खोली नाही. ठावठिकाणा नाही म्हणून पोलीस पकडतात. आणि पकडून हद्दपार करावे, तर पलीकडचा देश आत घेत नाही. असा मनुष्य गुन्हा न करताही बेकायदा ठरतो. यजमान देशातील मजूर त्याला मजुरी पाडणारा समजत, पोलीस हेर समजत, डाव्या विचाराचे लोक झारशाहीचा हस्तक समजत. लोकमत बिघडण्याचे एक मोठे कारण त्याच्या स्वभावात नव्हते, त्याच्या स्थितीत होते. उघडपणे कष्ट करण्याची ज्याला बंदी असते, त्याच्यावर आळशीपणाचा नाही तर चोरटेपणाचा ठपका बसणारच.

सप्टेंबर १९२१ मध्ये नान्सेन रशियन निर्वासितांसाठी राष्ट्रसंघाचा उच्चायुक्त झाला. त्याला पैसा फारसा दिलेला नव्हता आणि अधिकार त्याहून कमी. प्रारंभी त्याची भिस्त या लोकांना रशियात परत पाठविण्यावर होती, आणि त्याबद्दल निर्वासितांचाही त्याने रोष ओढवून घेतला. बहुसंख्यांना परतणे शक्य नाही हे दिसून येताच त्याने मार्ग बदलला. जुलै १९२२ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत सरकारांनी एक दाखला मान्य केला. तो राष्ट्रसंघ देत नसे. निर्वासित ज्या देशात असेल, तेथील सरकार देई. त्यावर धारकाचे नाव, मूळ आणि वर्णन असे. मुदत साधारणतः एका वर्षाची. धारकाला नागरिकत्व मिळत नसे. मात्र सरहद्द ओलांडून काम असेल तेथे जाण्याची सोय होई. लोकांनी त्याला ‘नान्सेन पासपोर्ट’ हेच नाव दिले. पन्नासावर देशांनी तो कालांतराने मान्य केला आणि सुमारे साडेचार लाख माणसांना तो मिळाला. १९२४ मध्ये आर्मेनियनांना आणि १९२८ मध्ये असीरियनांसह इतर काही समूहांनाही तो लागू झाला.

या दाखल्यातही उणिवा होत्या. तो घेऊन बाहेर पडलेल्याला परत आत घेण्याचे बंधन देणाऱ्या देशावर सुरुवातीला नव्हते. १९२६ च्या करारात ती त्रुटी काही अंशी दूर झाली. ज्यांना परवडे त्यांनी दाखल्यावर पाच सुवर्ण फ्रँकचे तिकीट लावावयाचे आणि त्या पैशातून गरीब निर्वासितांना मदत करावयाची, अशीही योजना झाली. १९२५ पासून काही वर्षे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने निर्वासित आणि रोजगार यांची सांगड घालण्याचे काम अंगावर घेतले. कोठे हात रिकामे आहेत आणि कोठे हातांची गरज आहे, याची मोजदाद होऊ लागली. सरकारांच्या तिजोरीवरील ओझे म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखविले जाई, ती माणसे कर भरणारी झाली. चित्रकार शागाल, संगीतकार स्ट्राविन्स्की, लेखक नाबोकोव्ह यांच्या हाती हाच दाखला होता. तसाच तो हजारो अनामिक कारागिरांच्या आणि मोटारचालकांच्याही हाती होता.

टीका आणि अपयश

नान्सेनवर टीका दोन्ही बाजूंनी झाली. व्होल्गाच्या खोऱ्यात १९२१ मध्ये भीषण दुष्काळ पडला, तेव्हा त्याने राष्ट्रसंघातील सरकारांपुढे मदतीची याचना केली. मदतीमुळे बोल्शेव्हिकांची सत्ता बळकट होईल या भीतीने त्यांनी हात आखडता घेतला. राजवट दुबळी व्हावी म्हणून कोट्यवधी माणसांना उपाशी मरू द्यावयाचे काय, हा त्याचा सवाल अनुत्तरित राहिला आणि त्याच्यावर बोल्शेव्हिकधार्जिणेपणाचा शिक्का बसला. त्याच वेळी रशियातून पळालेल्यांची बाजू घेतो म्हणून दुसरीकडूनही त्याच्याकडे संशयाने पाहिले जाई. १९२२ चे शांततेचे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. त्याची रक्कम त्याने मदतकार्यास दिली.

त्याच्या सर्वच निर्णयांचे समर्थन करता येणार नाही. ग्रीस व तुर्कस्तान यांच्यातील युद्धानंतर लोकसंख्येची अदलाबदल करण्याच्या योजनेला त्याने हातभार लावला. जानेवारी १९२३ च्या करारान्वये ही अदलाबदल सक्तीची झाली. बारा लाखांच्या आसपास ग्रीक ख्रिस्ती आणि सुमारे चार लाख मुसलमान यांची घरे कायमची सुटली. फाळणीचा अनुभव घेतलेल्या भारतीय वाचकाला धर्मावरून माणसे मोजून इकडून तिकडे हलविण्याची किंमत सांगावयास नको. आर्मेनियनांना सोव्हिएत आर्मेनियात जमीन भिजवून वसविण्याची योजना त्याने १९२५ मध्ये स्वतः तेथे जाऊन आखली. तिला लागणारे कर्ज द्यावयास राष्ट्रे पुढे आली नाहीत. हे शल्य उरात घेऊनच १३ मे १९३० रोजी तो निवर्तला. १७ मे या नॉर्वेच्या राष्ट्रीय दिनी त्याला अखेरचा निरोप देण्यात आला.

दोन वारस

नान्सेनच्या पश्चात जे घडले, त्यात त्याच्या कार्याची खरी कसोटी आहे. युक्रेनमधील दुष्काळात आणि आर्मेनियाच्या दौऱ्यात व्हिडकुन क्विसलिंग नावाचा एक तरुण नॉर्वेजियन अधिकारी त्याचा साहाय्यक होता. याच क्विसलिंगने दुसऱ्या महायुद्धात नाझींची ताबेदारी पत्करली. त्याच्या राजवटीत नॉर्वेच्याच पोलिसांनी ज्यूंना घराघरातून धरले, आणि नोव्हेंबर १९४२ मध्ये पाचशेहून अधिक जणांना ‘दोनाउ’ या जहाजात घालून ऑशविट्झला पाठविले. ते जहाज लागले श्टेट्टिनलाच. नान्सेनच्या युद्धकैद्यांना घराकडे नेणाऱ्या वाटेवरचे ते बंदर. उलट नान्सेनचा मुलगा ऑड याने युद्धापूर्वीच वडिलांच्या नावाने संस्था काढून मध्य युरोपातील ज्यूंना नॉर्वेत आणण्याची खटपट केली आणि त्याला पुढे जर्मनीतील छळछावणीत राहावे लागले.

दोघांनीही निर्वासितांचे हाल डोळ्यांनी पाहिले होते. तेव्हा दुःख नुसते पाहिल्याने माणूस करुणावान होतोच असे नाही, आणि कोणा एकाच्या करुणेवर लाखोंचे भवितव्य टांगणेही धोक्याचे असते. १९३८ मध्ये एव्हियाँच्या परिषदेला बत्तीस देश जमले, ज्यूंबद्दल सहानुभूती दाखवून बहुतेकांनी आपली दारे लावून घेतली. सहानुभूती होती, बंधन नव्हते. ते बंधन युद्धोत्तर जगाने १९५१ च्या निर्वासितविषयक कराराने घालून घेतले: जेथे जिवाला धोका आहे तेथे कोणाला परत लोटावयाचे नाही. नान्सेनच्या काळातील करारांचा उल्लेख त्या कराराच्या पहिल्याच कलमात आहे.

भारताने त्या करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी आपला वेगळा कायदाही नाही. व्यवहारात मात्र आपली कामगिरी अनेक सह्या करणाऱ्यांहून सरस ठरली आहे. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित शाळा, चर्च, दवाखाना उभारून राहिले. १९५९ नंतर आलेल्या तिबेटींना नोंदणीचा दाखला आणि प्रवासासाठी ओळखपत्र मिळाले; नान्सेनच्या कल्पनेचेच ते रूप होय. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी माणसे आली, आणि त्यांचा भार आपण उचलला. परंतु हे सारे त्या त्या वेळच्या सरकारच्या मर्जीने झाले. एका समूहाला दाखला आणि दुसऱ्याला तुरुंग, असे होऊ नये यासाठी मर्जीपेक्षा काही टिकाऊ हवे.

सरसकट दार उघडा, असे नान्सेनचे चरित्र सांगत नाही. आलेल्याची लवकर नोंद करावी, त्याचे म्हणणे एकेकट्याचे म्हणून तपासावे, तपास होईतो त्याला कष्ट करून खाऊ द्यावे, ज्याला धोका नाही त्याला नाकारावे, ज्याला धोका आहे त्याला लोटू नये, आणि भार एकाच शेजाऱ्यावर न टाकता अनेकांनी वाटून घ्यावा, एवढाच त्याचा आशय आहे. भयाला त्यात वाव आहे, कारण चौकशी आहे. दयेला वाव आहे, कारण आश्रय आहे. शंभर वर्षांपूर्वी युद्धाने कंगाल झालेल्या युरोपला जे जमले, ते आजच्या राष्ट्रांना जमू नये याचे कारण साधनांच्या अभावात शोधता येणार नाही.