कै. दादासाहेब फाळके आणि त्यांची माणसे

कै. धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांचे नाव ठाऊक नाही असे कुटुंब आमच्या नाशकात सापडणे कठीण. आम्ही येथे त्यांच्या चरित्राची एकच बाजू मांडू इच्छितो. ती म्हणजे चालक आणि त्याच्या हाताखालची माणसे यांचे नाते.

दादासाहेबांचा जन्म त्र्यंबकेश्वरी ३० एप्रिल १८७० रोजी झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात त्यांचे शिक्षण झाले. पुढे भागीदारीत काढलेला लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स हा छापखाना नावारूपास आला. परंतु भागीदारांशी मतभेद होऊन त्यांनी तो सोडला. १९११ साली ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहून त्यांनी नवा ध्यास घेतला, विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढले आणि १९१२ साली विलायतेस जाऊन ही विद्या आत्मसात केली.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात झळकला. त्या काळी या धंद्यास प्रतिष्ठा नव्हती. म्हणून कोणी विचारल्यास आपण हरिश्चंद्राच्या कारखान्यात आहो असे मंडळींनी सांगावे, अशी त्यांची सूचना असे. तारामतीच्या भूमिकेस स्त्री मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके त्यांनी निवडले. त्र्यंबक तेलंगांस त्यांनी स्वतः कॅमेरा शिकविला. पत्नी सरस्वतीबाई साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करीत आणि रात्री फिल्म धुण्यासही हातभार लावीत. मालकाचे घरच जेथे कामास जुंपलेले, तेथे नोकराने अंग चोरावे कसे? १९१३ सालीच हा कारखाना नाशकास आला. १९१७ च्या 'लंकादहना'त राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंक्यांनीच केल्या आणि पुढे ते स्वतः छायाचित्रकार झाले. विश्वास टाकला म्हणजे माणूस किती वाढतो, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस दिसत नाही.

१९१८ साली भांडवलदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी निघाली. पैशाची विवंचना मिटली. परंतु खर्च व कामाची पद्धत यांवरून खटके उडू लागले. भांडवल घालणाऱ्याने हिशेब मागावा यात अन्याय नाही; तथापि कलावंतास पावलोपावली अडविल्यास त्याची उमेद खचते, हेही तितकेच खरे. दादासाहेब कंपनी सोडून काशीस गेले आणि तेथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. १९२२ साली ते परत आले, परंतु पूर्वीचे वैभव पुन्हा लाभले नाही. पुढे बोलपटांचे युग आले. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशकातच त्यांनी देह ठेविला.

१९६९ पासून त्यांच्या नावे राष्ट्रीय पुरस्कार दिला जातो. पण आमच्या ज्ञातीतील जी मंडळी आज दुकाने, कारखाने वा कचेऱ्या चालवितात, त्यांनी या चरित्रातून आणखी एक गोष्ट घ्यावी. हिशेब अवश्य पाहावा. परंतु हाताखालच्या माणसास शिकवावे, त्याच्यावर भरवसा टाकावा आणि आधी स्वतः पदर खोचावा. पगाराने हजेरी मिळते. उमेद मात्र आपुलकीनेच मिळते.