आधी सुई स्वतःला!

पावसाळा लागला की आमच्या जळगावात घरोघरी खोकल्याचं सत्र सुरू होतं. सासूबाईंना साखर, त्यात दमा. डॉक्टरांनी त्यांना फ्लूची लस घ्यायला सांगितलं. पण त्या ऐकतील तर शपथ! सुईनंच ताप येतो, हे त्यांचं ठाम मत. तेव्हा मी त्यांना हाफकिनसाहेबांची गोष्ट सांगितली.

मैत्रिणींनो, मुंबईत परळची हाफकिन संस्था आपण ऐकून असतो. पण हा माणूस कोण? वाल्देमार हाफकिन. जन्म १८६० चा, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातला. ज्यू असल्यामुळे रशियात पुढे जायला वाव नव्हता. मग पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत आधी ग्रंथालयात काम धरलं. तिथंच कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९२ मध्ये स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते कलकत्त्याला आले. तिथल्या वस्त्यांतही लोक बिचकले, की ते आधी स्वतः सुई घ्यायचे.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. पुढे तो आपल्या खानदेशातही पोचला. माझी धुळ्याची आजी ऐकीव गोष्ट सांगायची, की लोक गाव रिकामं करून शेतात झोपड्या घालून राहत. सावित्रीबाई फुलेही १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच गेल्या.

हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात अपुऱ्या जागेत, मोजक्या माणसांवर प्लेगची लस बनवली. १० जानेवारी १८९७ ला ती स्वतःला टोचून घेतली. अंग दुखलं, ताप चढला, पण उतरलाही. नंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वखुशीनं पुढे आलेल्या कैद्यांना ती दिली.

तरी लोक घाबरतच. सरकारी माणसं घरात घुसून झडत्या घेत, रोग्याला उचलून नेत. मग त्यांच्या सुईवर विश्वास कसा बसणार? तेव्हा आगाखान यांनी आपल्या खोजा समाजासमोर स्वतः लस घेतली. ते पाहून हजारो लोक पुढे आले.

पण १९०२ मध्ये पंजाबात मलकोवाल गावी लसीनंतर १९ जण धनुर्वातानं दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला, पद गेलं. चूक त्यांच्या प्रयोगशाळेतली नव्हती, जागेवर बाटली उघडताना झाली होती, असं पुढे दिसून आलं. १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. पण उमेदीची वर्षं गेली ती गेलीच. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव मिळालं. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ते वारले.

हाफकिन यांच्या प्लेगच्या लसीत मारलेले जंतू असत. आज फ्लूचं जे इंजेक्शन देतात, त्यातही जिवंत विषाणू नसतो. त्यानं फ्लू होत नाही. दंड दुखतो, एखाद दिवस कणकण येते, इतकंच. विषाणू रूप बदलतो, म्हणून दरवर्षी घ्यावी लागते. साधी सर्दी तिनं थांबत नाही, पण फ्लू झालाच तर तो जिवावर बेतण्याचा धोका कमी होतो. म्हातारी माणसं, गरोदर बायका, लहान मुलं, दमा-साखरवाले यांनी डॉक्टरांना जरूर विचारावं.

सगळं ऐकून सासूबाईंनी एवढंच विचारलं, तू घेतलीस का गं?

मी गप्प. घेतली नव्हती ना!

दुसऱ्या दिवशी दोघी गेलो. आधी माझा दंड पुढे केला, मग त्यांनी त्यांचा.