कॅप्टन जेम्स फॉर्सिथ (१८३८-१८७१)

आपल्या सौंसर-पांढुर्ण्याच्या उत्तरेस पसरलेल्या सातपुड्याचे ज्यांनी मनापासून वर्णन केले, ते फॉर्सिथसाहेब पेशाने वनाधिकारी आणि वृत्तीने शिकारी होते. मध्यप्रांत नुकताच स्थापन झाला होता. रिचर्ड टेंपल यांच्या कारकिर्दीत, १८६२ साली, जंगलांच्या पाहणीसाठी ते पंचमढीस गेले व तेथे त्यांनी ‘बायसन लॉज’ बांधले. पुढे ते निमाडचे सेटलमेंट ऑफिसर झाले. शिकारीची रायफल आणि तिची गोळी यांवर त्यांनी स्वतंत्र ग्रंथच लिहिला; हत्याराची इतकी चिकित्सा करणारे शिकारी विरळाच.

परंतु त्यांची नजर नेमापुरती नव्हती. बारशिंगा सालवनाच्या सोबतीने राहतो, हे त्यांनी टिपले. सागवनांनी वेढलेल्या देनवा खोऱ्यातील सालवनाच्या एकाकी तुकड्यातही तो त्यांना आढळला. पुढे तेथून तो नाहीसा झाला. १९७० च्या सुमारास कान्हातही जेमतेम ६६ उरले होते. १९७२ च्या कायद्यानंतर शिकार बंद झाली, आणि २०१५ पासून कान्हाचे बारशिंगे सातपुड्यात आणून सोडण्यात आले. (शिकाऱ्याची नोंदवही अशी रक्षकांच्या कामी यावी, हा योग विलक्षण खरा!)

मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरील त्यांचा मोठा ग्रंथ १८७१ मध्ये प्रसिद्ध झाला. तो छापून आलेला पाहण्यापूर्वीच, त्याच वर्षी मे महिन्यात, लंडन येथे त्यांचे निधन झाले.